जुन्या जर्मन लेन्स, प्रोजेक्टरची भिंगं आणि कोकणातला उजेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या जर्मन लेन्सने काढलेला फोटो पाहिला की लोक आधी लेन्सचं नाव विचारतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते फोटोतल्या मागच्या उजेडाबद्दल. पण प्रश्न ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने उत्तरं ठेवली आहेत.

या लेन्सने नेमकं काय वेगळं दिसतं?

आजची चांगली लेन्स फोकसबाहेरचं सगळं मऊ आणि एकसारखं धूसर करते. जुन्या जर्मन लेन्सपैकी काहींचं तसं नाही. त्यांच्यात मागच्या उजेडाच्या ठिपक्यांना आकार येतो. यातले दोन आकार लोकांना वेड लावतात. पहिला साबणाच्या फुग्यांचा: प्रत्येक ठिपक्याची गोल चकती होते, कड उजळ आणि आतला भाग फिका. गॉर्लिट्झच्या मायर ऑप्टिक कंपनीची ट्रायोप्लान १०० मिमी एफ/२.८ ही यासाठी सर्वांत प्रसिद्ध. (मिमीचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लांबी. ‘एफ’चा आकडा अॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाचा; आकडा लहान तितकं भोक मोठं.) दुसरा भोवऱ्याचा: मधला चेहरा स्थिर आणि भोवतीची पानं, उजेड त्याच्याभोवती गरगर फिरल्यासारखी. कार्ल झाइस येनाची बिओटार ५८ मिमी एफ/२ आणि तिची मोठी बहीण बिओटार ७५ मिमी एफ/१.५ या भोवऱ्याच्या लेन्स.

सगळ्याच जर्मन लेन्स अशा नसतात. झाइसची सोनार घराणी मागचं छान मऊ ठेवतात, टेसार तर बऱ्यापैकी सरळमार्गी आहे. नुसतं ‘जर्मन’ पाहून लेन्स घेतली आणि फुगे आले नाहीत, तर दोष लेन्सचा नाही.

हे फुगे आणि भोवरे होतात कशामुळे?

भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण आणि कडेतून जाणारे किरण एकाच ठिकाणी एकत्र यायला हवेत. गोल घासलेल्या भिंगात ते येत नाहीत, याला गोलीय दोष म्हणतात. लेन्स बनवणारा हा दोष इतर भिंगांनी भरून काढतो. ट्रायोप्लानमध्ये ही दुरुस्ती थोडी जास्त झाली आहे: कडेचे किरण मधल्या किरणांच्या किंचित मागे एकत्र येतात. त्यामुळे फोकसच्या मागे असलेल्या ठिपक्याची चकती होते तेव्हा उजेड तिच्या काठाला साठतो. तीच उजळ कड.

यातून एक कामाची गोष्ट निघते. फोकसच्या पुढे असलेल्या ठिपक्यांना हाच हिशेब उलटा लागतो, त्यांच्या चकत्या कडेला विरतात. म्हणून दवाचे थेंब नेहमी विषयाच्या मागे हवेत. पुढे ठेवलेत तर नुसता मऊ धुरळा मिळेल.

ट्रायोप्लानमध्ये तीनच भिंगं आहेत, तिन्ही एकमेकांपासून सुटी. ही तीन भिंगांची रचना मूळ इंग्लंडमधल्या हॅरॉल्ड डेनिस टेलर यांची, १८९३ ची. कमी भिंगांत दोष पूर्ण मारता येत नाहीत, आणि जो उरतो तोच आपल्याला हवा असतो.

भोवऱ्याचं कारण वेगळं. फ्रेमच्या कोपऱ्याकडे तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीच्या कडांनी कापला जातो, म्हणून तिथली चकती गोल न राहता लिंबासारखी लांबट होते आणि मध्याभोवती आडवी झोपते. त्यात कोपऱ्यांत फोकसचं प्रतल वाकलेलं असतं आणि उभ्या-आडव्या रेषा एकाच जागी फोकस होत नाहीत. तिन्ही मिळून डोळ्याला गिरकी जाणवते. अॅपर्चर एफ/४ वर आणलंत की कापलं जाणं थांबतं आणि भोवराही विरतो. या लेन्स पूर्ण उघड्याच वापरायच्या.

पुढे बसवायला लेन्स कुठली? ट्रायोप्लान परवडत नाही.

तिची किंमत तिच्या नावामुळे चढली आहे. त्याच कंपनीने स्लाइड प्रोजेक्टरसाठी डायाप्लान नावाची लेन्स काढली, ८० मिमी आणि १०० मिमी, दोन्ही एफ/२.८. तिच्यातही तीनच भिंगं, आणि फुगे जवळपास तसेच. १९६८ मध्ये मायर ऑप्टिक ड्रेस्डेनच्या पेंटाकॉन समूहात गेली आणि पुढे याच जातीच्या लेन्सवर ‘पेंटाकॉन एव्ही’ असं नाव येऊ लागलं. फुग्यांसाठी मी सगळ्यांना हीच सुचवतो. ट्रायोप्लानच्या किमतीच्या लहानशा वाट्यात ती मिळते.

भोवऱ्यासाठी बिओटार महाग वाटली तर हेलिओस ४४ घ्या. ती सोव्हिएत आहे, पण रचना बिओटार ५८ मिमीचीच. झेनिट कॅमेऱ्यांसोबत ती येत असे, त्यामुळे अजूनही सहज सापडते.

लायट्झची कलरप्लान ९० मिमी एफ/२.५ ही प्रोजेक्टर लेन्सही लोक घेतात. ती जास्त तीक्ष्ण आहे, फुगे तितके ठसठशीत नाहीत. तिच्या नावापुढे ‘सीएफ’ लिहिलं असेल तर ती पुठ्ठ्याच्या चौकटीत फुगून वाकणाऱ्या स्लाइडसाठी बनवलेली आहे. सपाट सेन्सरवर तिचे कोपरे मऊ येतात. चेहऱ्यांसाठी काही बिघडत नाही.

लेन्सवर ‘झाइस’ असं न लिहिता ‘आउस येना’ लिहिलंय. नकली आहे का?

नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचे दोन भाग झाले, पूर्वेला येना आणि पश्चिमेला ओबरकोखेन. नावाच्या हक्कावरून वाद होता, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालावर येनावाले पूर्ण नाव टाकत नसत. बिओटारच्या जागी नुसतं ‘बी’, टेसारच्या जागी ‘टी’ एवढंच असे. भिंगं तीच.

प्रोजेक्टरची लेन्स कॅमेऱ्याला कशी बसवायची?

यात सगळ्यात जास्त लोक अडतात, म्हणून सविस्तर.

प्रोजेक्टरच्या लेन्सला अॅपर्चर नसतं, फोकसची रिंग नसते, कॅमेऱ्याला अडकवायची कडी, म्हणजे माउंट, नसतो. असते ती भिंगं बसवलेली साधी नळी. बऱ्याच स्लाइड प्रोजेक्टर लेन्सची नळी ४२.५ मिमी व्यासाची असते. फोकस करायला तिच्यामागे हेलिकॉइड लागतो, म्हणजे फिरवलं की लांब-आखूड होणारी आट्यांची रिंग. त्यामागे कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर.

हेलिकॉइड किती लांबीचा घ्यायचा हे घरीच काढता येतं. लेन्स खिडकीसमोर धरा, मागे पांढरा कागद. लांबची माडाची रांग कागदावर उलटी आणि स्पष्ट उमटेपर्यंत कागद पुढेमागे करा. लेन्सच्या मागच्या कडेपासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. त्यातून तुमच्या कॅमेऱ्याचं माउंट ते सेन्सर हे अंतर वजा करा: सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७. उरलेली लांबी अॅडॉप्टर, नळी आणि पूर्ण मिटलेला हेलिकॉइड यांनी मिळून भरायची. दोन-तीन मिमी कमीच ठेवा, नाहीतर लांबचं कधीच फोकस होणार नाही.

आता जवळच्या फोकसचं. १०० मिमीच्या लेन्सला लांबवरून एक मीटरवर यायला सुमारे ११ मिमी पुढे सरकावं लागतं, ६० सेंटिमीटरवर यायला २० मिमी. बाजारात १७ ते ३१ मिमीचा एम४२ (४२ मिमी आट्यांचा जुना माउंट) हेलिकॉइड स्वस्त मिळतो, पण तो १४ मिमीच चालतो. २५ ते ५५ मिमीचा घ्या, ३० मिमी चालतो. त्यावर लांबच्या डोंगरापासून साधारण ४३ सेंटिमीटरपर्यंत सगळं एकाच जोडणीत येतं, आणि थेंब, फुलं यांसाठी ते लागतंच.

४२.५ मिमीची नळी एम४२ च्या आट्यांत जात नाही. मधे एक बाही लागते. तयार मिळते, पण किनाऱ्यावर त्याची गरज नाही. होडीच्या इंजिनाची कामं करणारा लेथवाला प्रत्येक बंदराजवळ असतो. त्याला लेन्स आणि हेलिकॉइड दोन्ही हातात द्या, नुसतं माप सांगू नका. अॅल्युमिनियमची बाही, आत ४२.५ ला किंचित सैल भोक, बाजूने तीन बारीक ग्रब स्क्रू, एवढंच काम. लेन्सची नळी प्लॅस्टिकची असेल तर स्क्रूखाली पातळ रबराची पट्टी ठेवा. शेवटी बाहीचा आतला भाग मॅट काळा करा किंवा काळं मखमली कापड चिकटवा. तो चकचकीत राहिला तर उजेड आत आपटून फोटो पांढुरका येतो, आणि लोक उगीच भिंगाला नावं ठेवतात.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर कोपरे काळे येतील का?

स्लाइडची चौकट २४ गुणिले ३६ मिमी असते. फुल फ्रेम सेन्सरही तेवढाच. म्हणून स्लाइड प्रोजेक्टरची लेन्स पूर्ण फ्रेम भरते. ८ मिमी फिल्मच्या प्रोजेक्टरची लेन्स मात्र इवल्याशा चौकटीसाठी असते, ती घेऊ नका.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, फुगे उत्तम येतात, भोवरा निम्मा मरतो, कारण तो कोपऱ्यांतच असतो.

माझ्याकडे निकॉनचा जुना डीएसएलआर आहे. चालेल?

एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर हवं असतं आणि निकॉनचं अंतर ४६.५ मिमी आहे. म्हणजे लेन्स आधीच एक मिमी पुढे गेली. जवळचं फोकस होईल, लांबचं नाही. भिंग बसवलेला अॅडॉप्टर मिळतो, पण त्याने लेन्सचा स्वभाव बदलतो, मी तो सुचवत नाही. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिमी, तिथे साधी रिंग पुरते. ९० ते १०० मिमीच्या प्रोजेक्टर लेन्सला मागे भरपूर जागा असते, त्यामुळे ती निकॉनवरही बसवता येते. फक्त हेलिकॉइड आखूड घ्यावा लागेल.

बंद पडलेल्या थिएटरच्या प्रोजेक्टरची लेन्स मिळतेय. घेऊ का?

आधी वजन बघा. ३५ मिमी चित्रपटाच्या प्रोजेक्टरच्या लेन्स पितळी, जड आणि बहुधा ७०.६ मिमी व्यासाच्या असतात. त्यांना मोठा हेलिकॉइड आणि खालून आधार लागतो, कॅमेऱ्याच्या माउंटवर सगळं वजन टाकू नका. श्नायडर, इस्को, झाइस इकॉन ही नावं दिसली तर जर्मन. आपल्याकडच्या सगळ्या प्रोजेक्टरवर जर्मन लेन्स होत्या असं मात्र नाही.

या जुन्या लेन्सपैकी बऱ्याच पेट्झवाल रचनेच्या असतात. जोसेफ पेट्झवाल यांनी व्हिएन्नात १८४० मध्ये चेहऱ्यांच्या फोटोसाठी ती मांडली आणि फोइगटलेंडरने ती बनवली. मध्ये लख्ख आणि तीक्ष्ण, कडेला वाहवत जाणारी. पडद्यासाठी ती पुढे प्रोजेक्टरमध्ये गेली. अशी लेन्स निरोगी मिळाली तर तिच्यातला भोवरा हेलिओसपेक्षा कितीतरी देखणा असतो.

कोकणात कुठे आणि केव्हा काढायचे?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, आणि फोटो याच्यावरच ठरतो. फुगा म्हणजे एक सुटा, तेजस्वी ठिपका. मागे ठिपके नसतील तर ट्रायोप्लानही साधीच लेन्स आहे. ढगाळ आभाळापुढे किंवा रंगवलेल्या भिंतीपुढे तिच्याकडून काही मागू नका.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे आधी लक्षात घ्या. सकाळी सूर्य डोंगराकडून येतो आणि समुद्रावर सपाट पडतो, तेव्हा पाणी निळं दिसेल पण चमकणार नाही. चमचम हवी तर दुपार कलल्यावर. माणूस समुद्राकडे पाठ करून, सूर्य त्याच्या मागे तिरका, आणि तुम्ही जवळजवळ वाळूवर बसलेले. खाली बसलात की चेहऱ्यामागे पाण्याचा पट्टा येतो, उभे राहिलात तर ओली वाळू. लाटेच्या प्रत्येक कंगोऱ्याची एक चकती होते. १०० मिमी एफ/२.८ वर माणूस एक मीटरवर असेल तर दूरच्या ठिपक्याची चकती सेन्सरवर सुमारे ४ मिमीची होते, म्हणजे फुल फ्रेमच्या रुंदीचा नववा भाग. ५८ मिमी एफ/२ वर तीच पावणेदोन मिमी. यावरून कुठली लेन्स उचलायची ते ठरवा. सूर्याचा गोळा मात्र फ्रेममध्ये घेऊ नका. अॅपर्चर सताड उघडं असतं, सेन्सर भाजतो.

सकाळ सड्याची. भाद्रपदात जांभ्याच्या सड्यांवर सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुललेले असतात आणि गवताच्या पात्यांवर दव असतं. पूर्वेकडे तोंड करून आडवे व्हा, सूर्य हातभर वर आलेला असावा. एका निळ्या फुलावर फोकस करा आणि मग फक्त मागचं बघा. दोन हात मागच्या पात्यांवरचे थेंब लहान चकत्या देतात, दहा हात मागचे मोठ्या, आणि मोठ्यांच्या कडा एकमेकींत गुंततात. तुम्ही बोटभर सरकलात की सगळी मांडणी बदलते. ऊन चढलं की दव जातं आणि थेंब संपतात, म्हणून लेन्स आदल्या रात्रीच कॅमेऱ्याला लावून ठेवा. सड्यावर चालताना फुलं तुडवली जाणार नाहीत एवढं पाहा. ती माती बोटभरच असते.

भोवऱ्याला पानं लागतात. गुहागर, दिवेआगरच्या सुरूच्या बनात सुयांमधून आभाळाचे हजार तुकडे दिसतात. पोफळीच्या बागेत झावळ्यांमधून. माणूस फ्रेमच्या मध्याजवळ, दीड-दोन मीटरवर, आणि मागची झाडं त्याच्यापासून पाच-सात मीटर लांब. झाडं फार दूर गेली की पानांचा नुसता हिरवा लगदा होतो. पौष-माघात आंब्याचा मोहर हा याच लेन्सचा विषय, पण बागायतदाराला विचारून. मोहरावर फवारणी झाली असेल तर बागेत शिरूच नका.

रात्री बंदरं. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठेही होड्यांचे दिवे पाण्यावर दुप्पट होतात. पावसाळी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेनंतर दिवे परत येतात. आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळाची दीपमाळ: पणत्या वाऱ्याने हलतात, म्हणून शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका, चकत्यांच्या कडा हलून पुसतात.

दशावताराला चालेल का?

चालेल, पण विंगेत. रंगमंचावर पात्रं सतत हलतात आणि हाताने फोकस पकडणं दुरापास्त होतं. नाटक सुरू व्हायच्या आधी कलाकार स्वतःचा चेहरा रंगवत बसलेले असतात, त्यांच्यामागे देवळाची रोषणाई असते, तो क्षण बिओटारचा. परवानगी घ्या आणि त्यांच्या आरशासमोर उभे राहू नका.

फोकस सारखा हुकतो.

फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) विसंबू नका, या लेन्सच्या उजळ कडांवरही ते रंग दाखवतं. फ्रेम मोठी करून डोळ्याच्या पापणीवर फोकस लावा, रिंग सोडा, आणि स्वतः सेंटिमीटरभर पुढेमागे होत ओळीने फोटो घ्या. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करावा लागतो. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला शटर साधारण १/३२०० लागतं, त्यामुळे समुद्रावर इलेक्ट्रॉनिक शटर किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) हवा.

प्रोजेक्टर लेन्सला अॅपर्चर हवंच असेल तर काळ्या पुठ्ठ्याची चकती कापून पुढे बसवा. १०० मिमीच्या लेन्सला २५ मिमीचं गोल भोक म्हणजे साधारण एफ/४.

पावसाळ्यात बुरशी कशी टाळायची?

जर्मनीत सत्तर वर्षं ठणठणीत राहिलेली लेन्स आपल्याकडे एका पावसाळ्यात जाऊ शकते. हवेतला ओलावा ७० टक्क्यांच्या वर राहिला की भिंगावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याच्या खाली क्वचितच येतो. कोळ्याच्या जाळीसारखे पांढरे धागे दिसले की ती आहे. वेळेत साफ झाली तर भिंग वाचतं. राहिली तर ती कोटिंग खाते आणि तो डाग कायमचा.

चामड्याचं मूळ पाकीट कितीही सुंदर असलं तरी त्यात लेन्स ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. तांदळाच्या डब्यातही नको, त्याचा भुगा आट्यांत जातो. रबरी कडेचा घट्ट डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरडं करून पूर्ण गार झाल्यावर परत ठेवा. परवडत असेल तर विजेवर चालणारं कोरडं कपाट घ्या, मात्र वीज रात्रभर गेली तर त्याच्यातही जेलची पुडी हवी. सर्वांत मोठं औषध म्हणजे लेन्स वापरत राहणं.

समुद्रावरून आल्यावर बाहेरची नळी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. खारं पाणी अॅल्युमिनियमच्या आट्यांवर पांढरी पूड आणतं. हेलिकॉइडचं ग्रीस उघडं असतं आणि त्याला वाळू चिकटते, म्हणून वाळूवर लेन्स बदलू नका.

जुनी लेन्स घेताना काय तपासायचं?

मोबाइलचा टॉर्च मागून लावून तिरकं आत बघा. धूळ आणि एखाद-दुसरा ओरखडा चालतो. बुरशी, धुरकट पडदा आणि कडेने इंद्रधनुषी फुटलेले तुकडे चालत नाहीत. हे तुकडे म्हणजे दोन भिंगं चिकटवणारा बाल्सम सुटल्याची खूण. बिओटारमध्ये चिकटवलेल्या जोड्या असतात, म्हणून तिथे नीट पाहा. ट्रायोप्लान आणि डायाप्लानला ही भीतीच नाही, त्यांच्यात चिकटवलेलं काही नाही. आट्या जड फिरत असतील तर ग्रीस सुकलंय, ते बदलता येतं. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल असलं तरी आपल्याला ती पूर्ण उघडीच वापरायची आहे, फक्त त्यावरून किंमत कमी करून घ्या.

लग्नाच्या कामाला वापरू का?

मोजक्या फोटोंना. अंतरपाट आणि अक्षतांच्या वेळी तुमची नेहमीची ऑटोफोकस लेन्सच हवी, तो क्षण परत येत नाही. हळदीनंतर नवरी अंगणात निवांत बसली आहे, मागे मांडवाच्या दिव्यांच्या माळा आहेत, तेव्हा ही लावा. माळा तिच्यापासून निदान चार-पाच मीटर मागे हव्यात. मांडववाल्याला आदल्या दिवशीच सांगितलंत तर तो एक माळ परसात पोफळीवर टाकून देतो.